मिसर देशाचें सोनें

(ज्युबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 ज्युबिलीच्या समयीं बहुधा पूर्वजांच्या गुणवर्णनाचें व्याख्यान होत असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु आज आम्हीं जरा निराळा विषय घेतला आहे, व तो कां घेतला हें आधीं सांगितलें पाहिजे.

आपलीं शिकणारीं मुलें सुट्टींत घरीं येतात, तेव्हां कित्येकदां एक प्रश्न बरोबर घेऊन येतात. कोणी तरी त्यांना सांगितलेलें असतें कीं, तुमच्या पवित्र शास्त्रांतील सृष्टीची कथा ही मुळांत मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची. यहुदी लोकांनीं ती तेथून उचलली व ख्रिस्ती लोकांनीं यहुद्यांपासून घेतली. मूल घरीं येऊन विचारतें, तेव्हां आई म्हणते, "असलें कांहीं वाचूं नकोस, बाळा;" आणि बाप गप्प बसतो. मग मुलाची समजूत अशी होते कीं, ज्या अर्थीं वडील मंडळी बोलत नाहींत, त्या अर्थीं त्यांच्यापाशीं उत्तर नाहीं. बंधूंनो, उत्तर आहे. परंतु तें देण्यास आधीं मिसरी लोक काय म्हणत होते हें ऐकून घ्यावें लागतें. दुसऱ्याचें म्हणणें न ऐकतां दिलेलें उत्तर कोणासहि पटत नाहीं.

निर्गमाच्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं, इस्राएल लोक दास्यांतून निघाले तेव्हां त्यांनीं मिसरी शेजाऱ्यांपासून सोन्यारुप्याचे दागिने मागून घेतले व ते बरोबर नेले. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनीं 'ख्रिस्ती शिक्षणाविषयीं' या आपल्या ग्रंथांत या प्रसंगाचा एक सुंदर अर्थ लावला आहे. ते म्हणतात कीं, ख्रिस्तेतर लोकांच्या विद्येंत जें खरें व चांगलें आहे, तें या सोन्यासारखें आहे; तें त्यांनीं निर्माण केलेलें नाहीं, तर देवानें सर्वत्र पसरून ठेवलेल्या खाणींतून काढलेलें आहे; म्हणून ख्रिस्ती माणसानें तें घेऊन देवाच्या सेवेस लावावें. आम्हीं आजच्या भाषणास जें नांव दिलें आहे तें या अर्थानें. मात्र त्याच सोन्याचें पुढें काय काय झालें, हेंहि आपण विसरूं नये. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

प्रथम मिसर देशाकडे चला. त्या देशाचें सारें जीवन नील नदीवर. दरवर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस नदीला पूर येई, शेतें बुडून जात, आणि पाणी ओसरूं लागलें म्हणजे काळ्या गाळाचे उंचवटे प्रथम वर दिसत व त्यांवर हिरवळ फुटे. १९७० सालीं आस्वानचें मोठें धरण पूर्ण झालें, तेव्हांपासून तो पूर येईनासा झाला आहे. परंतु हजारों वर्षें मिसरी शेतकऱ्यानें हें दृश्य दरसाल पाहिलें. सृष्टि कशी झाली असेल, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरच होतें. आरंभीं सर्वत्र पाणी होतें, काळोख होता. मग त्यांतून एक उंचवटा वर आला. असें तो म्हणूं लागला.

मिसरांत या कथेचें एकच रूप नव्हतें. प्रत्येक मोठ्या नगराचें आपलें वेगळें सांगणें होतें. त्यांपैकीं तीन नगरांचें आम्ही सांगतों.

पहिलें नगर पवित्र शास्त्रांत 'ओन' या नांवानें येतें. ग्रीक लोक त्याला हेलिओपोलिस, म्हणजे सूर्यनगर, म्हणत. याकोबाचा पुत्र योसेफ याची पत्नी आसनथ ही याच ओनच्या पुरोहिताची कन्या, असें उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. तेथील पुरोहित म्हणत कीं, 'नून' नांवाच्या आदिजलांतून आतूम हा देव आपला आपणच प्रकट झाला. त्यानें आपल्या मुखांतून शू व तेफनूत, म्हणजे वायु व आर्द्रता, यांना बाहेर टाकलें. त्यांच्यापासून गेब म्हणजे पृथ्वी व नूत म्हणजे आकाश हीं झालीं. आणि त्यांच्यापासून ओसिरिस, इसिस, सेथ व नेफ्थिस. असें हें नऊ देवांचें कुटुंब. सक्कारा येथील उनास राजाचा पिरॅमिड इ. स. पूर्वीं सुमारें २३५० चा. त्याच्या आंतल्या भिंतींवर व त्यानंतरच्या राजांच्या पिरॅमिडांत कोरलेल्या मंत्रांतून ही कथा आपणांस कळते. आज ओन नगराचें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. कैरो शहराच्या मातारिया नांवाच्या भागांत सेनुस्रेत राजाचा सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा एक दगडी स्तंभ तेवढा अजून उभा आहे. आणि त्याच मातारियांत पवित्र मरियेचें झाड म्हणून एक स्थान दाखवितात. हेरोदाच्या भयानें मिसरांत आलेलें पवित्र कुटुंब त्या ठिकाणीं विसावलें, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. ज्या नगरांत आतूमची स्तुति चालत असे, त्याच्याच मातींत बाळ येशूच्या विसाव्याची आठवण ठेवली गेली.

दुसरें नगर ख्मून. या नांवाचा अर्थ 'आठांचें नगर' असा आहे. ग्रीकांनीं त्याला हर्मोपोलिस म्हटलें, आणि आज तें अल्-अश्मूनैन म्हणून ओळखलें जातें. तेथील आठ देवता म्हणजे चार जोड्या : जल, अनंतता, अंधार, आणि चौथी बहुधा गुप्तता, म्हणजे अमून व त्याची सहचरी. सृष्टि होण्यापूर्वीं काय 'नव्हतें' हें सांगण्याचा हा मोठा गंभीर प्रयत्न आहे. जातां जातां एक गैरसमज येथेंच दूर करूं. आपण प्रार्थनेच्या शेवटीं म्हणतों तो 'आमेन' शब्द या अमून देवावरून आला, असें कोणी कोणी मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. तें खरें नाहीं. आमेन हा इब्री शब्द आहे. स्थिर, खरें, विश्वासपात्र असा अर्थ असलेल्या धातूपासून तो आला. अमून या मिसरी नांवाचा अर्थ 'गुप्त'. दोन्हींचा संबंध केवळ उच्चाराच्या सारखेपणाचा आहे.

तिसरें नगर मेंफिस, आणि त्याचें सांगणें सर्वांत विलक्षण. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें एक काळा दगड आहे, सुमारें १३७ सेंटिमीटर रुंद व ९२ सेंटिमीटर उंच. इ. स. पूर्वीं सुमारें ७१० च्या वेळीं शबाका राजानें तो कोरविला. एक जुना लेख किड्यांनीं खाल्लेला आढळला, म्हणून तो दगडावर उतरवून घेतला, असें राजा त्यांत सांगतो. पुढें कोणी तरी या शिळेच्या मध्यभागीं भोंक पाडलें व चोहोंकडे चऱ्या पाडल्या. तिचें जातें केलें होतें असें पुष्कळ काळ मानलें गेलें. त्या चऱ्यांत मधला मजकूर पार नाहींसा झाला. १८०५ सालीं ती शिळा म्यूझियममध्यें आली, आणि १९०१ सालीं जेम्स हेन्री ब्रेस्टेड या अमेरिकन विद्वानानें तिच्या लेखाचा खरा अर्थ जगापुढें मांडला. त्यांत म्हटलें आहे कीं, प्ताह देवानें सर्व वस्तु प्रथम आपल्या अंतःकरणांत चिंतिल्या व नंतर जिव्हेनें आज्ञा करून त्या निर्माण केल्या. आणि सर्व करून झाल्यावर तो विसावला, किंवा संतुष्ट झाला. मूळ शब्दाचे दोन्ही अर्थ होतात.

बंधुभगिनींनो, हें ऐकतांना आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत उत्पत्तीचा पहिला अध्याय उभा राहिला असेल : अंधार, खोल पाणी, देवाची आज्ञा, सातव्या दिवसाचा विसावा. साम्य आहे, आणि तें नाकारणें हा प्रामाणिकपणा नव्हे. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येंत प्रवीण होता, असें संत स्तेफन यांनीं आपल्या शेवटच्या भाषणांत सांगितल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहेच. परंतु साम्य दिसलें म्हणजे उसनवारी सिद्ध झाली, असेंहि नाहीं. शबाकाच्या शिळेवरील लेख अतिप्राचीन, पिरॅमिडांच्या काळचा, असें ब्रेस्टेडच्या वेळीं समजत. आज बहुतेक विद्वान तो त्यापेक्षां पुष्कळ अलीकडचा मानतात. आणि तो लेख कोणा इब्री लेखकानें पाहिला किंवा ऐकला, याला पुरावा नाहीं.

जेथें पुरावा आहे, तेथें मात्र तो मोकळेपणानें मानला पाहिजे. आमेनेमोपे नांवाच्या मिसरी अधिकाऱ्याचा तीस अध्यायांचा उपदेश १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं जर्मन विद्वान अडॉल्फ एरमान यांनीं दाखवून दिलें कीं, नीतिसूत्रांच्या बाविसाव्या व त्यापुढील अध्यायांतील वचनांशीं तो फार जुळतो. गरिबाला लुटूं नको, शेताची जुनी शीव सरकवूं नको, रागीट माणसाची संगत धरूं नको, हें दोहोंत आहे. धनाला पंख फुटून तें उडून जातें, हेंहि दोहोंत आहे. मिसरी लेखकाच्या मनांत रानहंस होते, इब्री लेखकाच्या मनांत गरुड. नीतिसूत्रांतील एका अडलेल्या इब्री शब्दाचा अर्थ 'तीस' असा असावा, हें देखील या मिसरी ग्रंथामुळें ध्यानांत आलें. आणि याच आमेनेमोपेनें आंधळ्याला हसूं नये, ठेंगण्याची थट्टा करूं नये, लंगड्याला त्रास देऊं नये, असें सांगून त्याचें कारण दिलें आहे : मनुष्य हा माती व काड यांचा, आणि देव त्याचा बांधणारा. सृष्टीच्या कथेचा उपयोग दुबळ्याच्या रक्षणासाठीं करणारा हा माणूस खऱ्या देवाच्या उंबरठ्यापर्यंत आला होता, असें म्हणावयास आम्हांला संकोच वाटत नाहीं. राखेच्या बुधवारीं कपाळावर राख घेतांना आपणहि दुसरें काय आठवितों?

आतां साम्य सोडून भेदाकडे पाहूं. सूर्याचीच गोष्ट घ्या. इ. स. पूर्वींच्या चौदाव्या शतकांत अखेनातेन राजानें इतर देवांना बाजूला सारून आतेन या एका सूर्यबिंबाची भक्ति चालविली. त्या आतेनचें एक मोठें स्तोत्र अमार्ना येथें आई या अधिकाऱ्याच्या थडग्यांत कोरलेलें आहे, व तें आपल्या एकशें चौथ्या स्तोत्राची फार आठवण करून देतें. रात्रीं सिंह बाहेर पडतात, सूर्य उगवतांच माणूस कामास निघतो. दोन्हींकडे तेंच चित्र. पण मिसरी कवीला रात्र म्हणजे देव दूर गेल्याची वेळ, जग जणूं मेल्याची वेळ. आपल्या स्तोत्रकर्त्याला रात्रहि परमेश्वराचीच. अंधारांत गर्जणारा सिंह देखील त्याच्यापाशींच अन्न मागतो. आणि सूर्य हा मावळण्याची वेळ जाणणारा एक आज्ञाधारक चाकर. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत तर सूर्याला नांवहि दिलेलें नाहीं, नुसता 'मोठी ज्योति' म्हटलें आहे, आणि तोहि चौथ्या दिवशीं झालेला. ज्या देशांत सूर्यासमोर राजे लोटांगण घालीत, त्या देशाच्या शेजारीं राहून हें लिहिणें, ही नक्कल म्हणतां येईल काय?

दुसरा भेद मनुष्याविषयींचा. तुतांखामून हें राजाचें नांव आपण ऐकलें असेल. त्याचा अर्थ 'अमूनची जिवंत प्रतिमा' असा आहे. देवाची प्रतिमा कोण? तर सिंहासनावरचा राजा. मेरिकारे नांवाच्या राजाला केलेल्या एका मिसरी उपदेशांत सर्व माणसें देवाचीं प्रतिरूपें आहेत असें म्हटलेलें आढळतें, व तें त्या लेखकाला भूषणावह आहे. परंतु देशाच्या रीतीभातींत तो मान राजाचाच राहिला. उत्पत्तीच्या पुस्तकानें तो मान सिंहासनावरून खालीं आणला व पुरुषाला आणि स्त्रीला, दोघांनाहि, दिला. विटा भाजणाऱ्या दासाला, विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलीला तो मिळाला. शब्द कदाचित् मिसरच्या दरबारांतला असेल. पण त्याचा मालक बदलला.

तिसरा भेद सर्वांत खोल. मिसरी कथेंत देवाच्या आधीं पाणी आहे. देव त्या पाण्यांतून निघतो. आपल्या श्रद्धेंत देवाच्या आधीं कांहींच नाहीं. हें स्पष्टपणें कोणीं सांगितलें? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांत, सातव्या अध्यायांत, एका आईनें सांगितलें. तिचे सहा पुत्र तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले होते, सातवा उभा होता. त्याला ती म्हणाली कीं, हें आकाश व ही पृथ्वी देवानें आधीं असलेल्या कोणत्याहि वस्तूंपासून केलेलीं नाहींत, म्हणून मरणास भिऊं नकोस. ज्यानें कांहीं नसतांना सर्व केलें, तो मेलेला मुलगा परत देऊं शकतो, हा तिचा विश्वास. सृष्टीचा सिद्धांत येथें पंडितांच्या सभेंत नव्हे, तर एका आईच्या तोंडून निघाला. आणि त्या पुस्तकाच्या प्रारंभीं असलेलीं पत्रें कोणास लिहिलेलीं आहेत? मिसर देशांत राहणाऱ्या यहुदी बांधवांस!

कारण तोपर्यंत मिसरांत यहुद्यांची मोठी वस्ती झाली होती. आलेक्झांड्रिया नगरांत इ. स. पूर्वींच्या तिसऱ्या शतकांत मोशेच्या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें. 'ज्ञानग्रंथ' हें आपल्या पवित्र शास्त्रांतील पुस्तकहि बहुधा याच नगरांतलें; त्याच्या नवव्या अध्यायांत देवानें आपल्या शब्दानें सर्व केलें असें म्हणून प्रार्थनेस आरंभ होतो. त्याच नगरांत फिलो या यहुदी तत्त्वज्ञानें 'लोगोस', म्हणजे देवाचा शब्द, यावर पुष्कळ लिहिलें. पुढें संत योहानांनीं आपलें शुभवर्तमान त्याच शब्दानें सुरू केलें. मात्र चौदाव्या वचनांत ते जें म्हणतात, तें मेंफिसचा पुरोहितहि म्हणाला नव्हता व आलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञहि : तो शब्द देहधारी झाला व आमच्यांत राहिला. प्ताहच्या जिव्हेनें जग निर्माण केलें, असें पुरोहित म्हणाला. पण ती जिव्हा क्रूसावर तहानेनें कोरडी पडली, असें म्हणण्याचें त्याच्या स्वप्नांतहि आलें नसतें.

मग मिसरी सृष्टिकथांचा प्रवाह पुढें कोठें गेला? त्याची एक वाट स्पष्ट दिसते. 'आठांच्या नगराचा' स्वामी थोथ देव. ग्रीक बोलणाऱ्या मिसरी लोकांनीं त्याला हर्मेस म्हटलें, व त्याच्या नांवानें ख्रिस्तशकाच्या पहिल्या कांहीं शतकांत अनेक गूढ ग्रंथ लिहिले. १९४५ सालीं नाग हम्मादी गांवाजवळ जुनीं हस्तलिखितें सांपडलीं, त्यांतहि हर्मेसच्या नांवाचें एक प्रवचन आहे, व त्याचा विषय आठवें व नववें पद असा आहे. दुसऱ्या शतकांतील व्हॅलेंटिनसच्या अनुयायांनीं देवत्वाच्या मुळाशीं आठ तत्त्वें, स्त्रीपुरुषांच्या चार जोड्यांनीं, मानलीं. त्यांत हर्मोपोलिसच्या आठांची छाया कित्येक विद्वानांस दिसते. हे लोक स्वतःला ख्रिस्तीच म्हणवीत. परंतु हें दृश्य जग, ही माती, हें शरीर, हें सारें एका हलक्या कारागिराच्या हातचें काम आहे, असें ते शिकवीत. लियोंचे बिशप संत आयरेनियस यांनीं इ. स. १८० च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. ते म्हणाले कीं, पित्याचे दोन हात आहेत, पुत्र व पवित्र आत्मा. त्याच हातांनीं त्यानें मातीचा मनुष्य घडविला, आणि ते हात त्यानें कधींहि सोडले नाहींत.

आतां सोन्याकडे परत येऊं. मिसरांतून आणलेल्या सोन्याचें इस्राएल लोकांनीं काय केलें? सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं त्यांतल्या कर्णफुलांचें वासरूं ओतलें. आणि पुढें निवासमंडपासाठीं लोकांनीं जें दिलें, तेंहि त्यांच्या दागिन्यांचेंच सोनें. धातु तीच, एकापुढें लोक नाचले, दुसऱ्यानें देवाचें स्थान सजलें. म्हणून सोनें कोठून आलें, हा प्रश्न विचारावा. पण त्याचें काय केलें, हा प्रश्न विचारल्यावांचून निकाल देऊं नये.

ख्रिस्तसभेचा निर्णय याहून निराळा नाहीं. पोप बारावे पायस यांनीं १९४३ सालच्या परिपत्रकांत पूर्वेकडील प्राचीन लोकांच्या लेखनपद्धतींचा कसून अभ्यास करण्यास पंडितांना उत्तेजन दिलें. १९५० सालच्या परिपत्रकांत त्यांनीं म्हटलें कीं, पवित्र लेखकांनीं लोककथांतून कांहीं घेतलें असलें, तरी तें घेतांना व पारखतांना देवाची प्रेरणा त्यांच्याबरोबर होती, व म्हणून तें इतरांच्या पुराणकथांच्या पंक्तीस बसवितां येत नाहीं. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं जाहीर केलें कीं, इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे, त्यांतलें कांहींहि ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाहीं.

आणि आपण मराठी कॅथलिक लोकांनीं तर याचें नवल करूंच नये. इ. स. १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें. त्या इंग्रज जेजुइटानें सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा मराठी ओवींत गाइली. आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास तो कचरला नाहीं. शब्द या भूमींतला, अर्थ शुभवर्तमानाचा. त्या ओव्यांवर आपल्या पूर्वजांचा भक्तिभाव पोसला गेला. आणि त्यामुळें त्यांची श्रद्धा उसनी ठरली, असें आपण कधीं मानलें नाहीं.

तेव्हां पुढच्या सुट्टींत मूल प्रश्न घेऊन घरीं आलें, तर त्याला गप्प करूं नका. त्याला जवळ बसवा, आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय त्याच्याबरोबर सावकाश वाचा. ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीं हाच अध्याय आपण मेणबत्त्यांच्या उजेडांत प्रथम ऐकतों, हें त्याला आठवून द्या. आमेनेमोपेचीहि गोष्ट सांगा, आणि सात पुत्रांच्या आईचीहि. ज्या पूर्वजांनीं हें मंदिर उभारलें, त्यांनीं दगड याच डोंगरांतून आणले व माती याच शेतांतली घेतली. पण वेदीवर जो येतो, तो स्वर्गांतून येतो. त्या प्रभूची कृपा आपणां सर्वांवर, व या ज्युबिलीनंतर येथें वाढणाऱ्या लेंकरांवर, सदैव राहो. आमेन.